कूलरची झिणझिणी ही किरकोळ तक्रार नव्हे

होळी आटोपली की नागपुरात माळ्यावरचे, जिन्याखालचे, गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिक गुंडाळून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. अंगणात त्यांना पाण्याने धुतले जाते, जुन्या ताट्या उपसून नव्या भरल्या जातात, गंजलेल्या टाकीला रंगाचा एक हात मारला जातो आणि संध्याकाळपर्यंत कूलर खिडकीला लागतो. या गडबडीत वायर मात्र फारसे कोणी तपासत नाही. पंखा फिरला, पंपाने पाणी चढवले की कूलर ‘चालू’ झाला, असे समजण्याची पद्धत आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नाही. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आणि तेव्हा नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, मधुमेह किंवा हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी कूलर बंद पडणे म्हणजे उष्माघाताच्या दिशेने एक पाऊल. महापालिकेने २०१६ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा हाती घेतला, पण सामान्य घरातला खरा आराखडा खिडकीतल्या त्या लोखंडी पेटीवरच उभा असतो. (बिघाड यंत्रांना होतो, तसा तो मोजणाऱ्या यंत्रांनाही होतो. मे २०२४च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंशांची नोंद केली. ती चूक संवेदकातल्या दोषाची होती, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. तोवर ती नोंद देशभर फिरून आली होती.)

हीच पेटी दर उन्हाळ्यात विदर्भात काही घरांचा घातही करते. कूलरमध्ये पाणी भरताना, कूलरला हात लागून, कूलर पुसताना विजेचा धक्का बसून मृत्यू, अशी बातमी आली नाही असा उन्हाळा विरळाच. महावितरण दरवर्षी यासाठी आवाहन करते, तरी बातम्या थांबत नाहीत. त्यामागचे कारण निष्काळजीपणाइतकेच गैरसमजाचेही आहे. कूलरचे बहुतेक बिघाड निरुपद्रवी असतात आणि घरच्या घरी सुटतात. त्यामुळे जो एक बिघाड जीव घेऊ शकतो, त्यालाही लोक त्याच रांगेत बसवतात.

गारवा येतो कुठून?

कूलर हवा थंड करत नाही, ते काम पाणी करते. पाण्याची वाफ होताना त्याला उष्णता लागते, ती ते भोवतालच्या हवेतून खेचून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे जवळपास पाऊण युनिट विजेइतकी. कूलरमधला पंप आणि पंखा मिळून तासाला त्याच्या कितीतरी कमी वीज खातात. खर्चाच्या मानाने गारवा जास्त मिळतो, तो यामुळे.

हे गणित हवा किती कोरडी आहे त्यावर अवलंबून असते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास स्थिरावतो. चांगल्या स्थितीतला कूलर या दोन आकड्यांतले तीन चतुर्थांश अंतर कापतो आणि २८ अंशांच्या आसपासची हवा आत टाकतो. जुलैमध्ये हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के झाली की ओला तापमापकच २९ दाखवतो. मग कूलर कितीही दुरुस्त करा, तो तीसच्या खाली फारसा जाणार नाही. पहिला पाऊस पडला की ‘कूलर बिघडला, गार हवाच येत नाही’ म्हणून मिस्त्रीला फोन जातात, त्यातले अर्धे फोन या भौतिकशास्त्राविरुद्धची तक्रार असते. अशा दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवलेला बरा.

बाष्पीभवनाची ही युक्ती नागपूरला नवी नाही. वाळ्याच्या ओल्या ताट्या दारांना लावण्याची पद्धत कूलरपेक्षा खूप जुनी. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे सुरू केलेली एम्प्रेस मिल तर हवा ओलसर ठेवणारी यंत्रे देशात सर्वांत आधी बसवणाऱ्या गिरण्यांपैकी एक होती. तिथे हेतू सूत तुटू नये हा होता, विज्ञान मात्र हेच.

भर मे महिन्यातही कूलर गार हवा देत नसेल, तर पहिल्यांदा कूलरकडे नव्हे, खोलीकडे पाहावे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडे नसेल, तर खोलीतली आर्द्रता वाढत जाते आणि तासाभरात दमट, चिकट वाटू लागते. एसीच्या सवयीने दारे-खिडक्या लावून घेणारे लोक कूलरला विनाकारण दोष देतात. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो.

खोली ठीक असेल तर ताट्या पाहाव्यात. पंप दहा मिनिटे चालल्यावर तिन्ही बाजूंच्या ताट्या वरपासून खालपर्यंत सारख्या ओल्या व्हायला हव्यात. कुठे कोरडा पट्टा राहिला, तर पंखा नेमका तिथूनच हवा ओढतो, कारण कोरड्या गवतातून हवेला वाट सोपी असते. ती हवा बाहेरच्याइतकीच गरम असते. दोष बहुधा ताटीच्या वरच्या पन्हळीत असतो. तिची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, किंवा कूलर एका बाजूला कललेला असल्यामुळे पाणी एकाच कडेला धावते. दाभण किंवा बारीक तार घालून छिद्रे मोकळी करणे आणि स्टँडच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवणे, एवढ्यात काम होते.

पंप आणि पंखा

कोणत्याही बाजूला पाणीच चढत नसेल तर पंप. प्लग भिंतीतून उपसून पंप बाहेर काढावा. नुसते बटण बंद करून चालत नाही, ते का हे पुढे येईल. पंपाच्या तळाशी जाळी असते, तिच्यात गवताच्या काड्या आणि पांढरा गाळ अडकतो. आतली छोटी पंख्यासारखी चकती हाताने फिरते का पाहावे. ती जखडली असेल तर पंप गुणगुणतो, पण पाणी उचलत नाही. लिंबू-सत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात फक्त ती चकती आणि जाळी तासभर भिजवली की थर सुटतो. पंपाची मोटर किंवा वायरचा जोड त्यात बुडवू नये. पंप पूर्ण कोरडा चालला तर थोड्या वेळात तापून जळतो, म्हणून टाकी रिकामी होण्याआधी पाणी भरणे हाच पंपाचा विमा. जळलेला पंप दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तो स्वस्त असतो आणि उघडून पुन्हा बंद केलेला पंप पाणी आत घेतो.

पंखा सुरूच होत नाही, नुसता घुमतो, ही दुसरी ठरलेली तक्रार. प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहावे. जड फिरत असेल तर बुश कोरडे पडले आहे, तेलाचे दोन थेंब आणि थोडी सफाई पुरते. पाते हलके फिरते, पण वीज दिल्यावर पंखा हलत नाही किंवा पूर्वीपेक्षा हळू फिरतो, असे असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. हा छोटा डबीसारखा भाग मोटरला सुरुवातीचा धक्का देतो, आणि उन्हाळ्यागणिक तो कमजोर होत जातो. तो बदलणे मिस्त्रीचे पाच मिनिटांचे काम आहे. स्वतः हात घालू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. काठीने पाते ढकलून पंखा सुरू करण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने मोटर तापत राहते, तिच्या तारांवरचा लेप करपतो आणि एका साध्या बिघाडातून पुढच्या धोकादायक बिघाडाची तयारी होते.

टाकीतला पांढरा थर

कूलरच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचे मूळ टाकीतल्या पाण्यात असते. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. नागपुरात नळाला पेंच आणि कन्हानचे पाणी येते आणि बऱ्याच वस्त्यांत जोडीला बोअरचे जड पाणी वापरले जाते. समजा पाण्यात दर लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि कूलर तासाला ८ लिटर पाणी पितो. रोज दहा तास चालला तर आठवड्याला ५६० लिटर पाणी उडून जाते आणि सुमारे १७० ग्रॅम क्षार त्या पन्नास लिटरच्या टाकीत, ताट्यांवर आणि पंपात उरतात. आपण वरून पाणी ओतत राहतो, टाकी भरलेली दिसते, पण आतले पाणी दिवसेंदिवस खारे होत जाते.

ही साय पन्हळीची छिद्रे बुजवते, पंप जखडते, ताट्या कडक करून हवा अडवते, पत्रा गंजवते. शेवाळ आणि बुरशी वाढून कुबट वास सुटतो. दम्याच्या रुग्णांना हा वास म्हणजे नुसता त्रास नव्हे, झटक्याचे निमित्त ठरू शकतो. आणि सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. वायरच्या जोडावर बसलेला क्षारांचा ओला थर विजेला चिकटपट्टीच्या बाहेरून वाट काढून देतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासणे, या एका कामाने वास, थर, गंज, डासांच्या अळ्या आणि विजेची गळती या पाचही गोष्टींना आळा बसतो. मात्र पाणी काढताना आणि भरताना प्लग भिंतीबाहेर असला पाहिजे. चालू कूलरमध्ये नळीने पाणी सोडत एका हाताने शटर धरून उभे राहणे, हे दृश्य नागपुरात गल्लोगल्ली दिसते, आणि बातम्यांतले कितीतरी अपघात असेच घडलेले असतात.

‘थोडे झिणझिणते, एवढेच’

कूलरला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते, ही तक्रार घरोघरी हसण्यावारी नेली जाते. ‘आमचा कूलर जरा करंट मारतो, चप्पल घालून हात लावा,’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. या वाक्यात काय दडले आहे, ते आकड्यांतून पाहण्यासारखे आहे.

शरीरातून एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग वीज गेली तर झिणझिण्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. माणूस कूलरला ‘चिकटतो’ तो यामुळे, वीज ओढून घेते म्हणून नव्हे. तीसच्या पुढे श्वासाचे स्नायू अडकू शकतात. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर वीज सेकंद-दोन सेकंद छातीतून गेली, तर हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते.

घरातला दाब २३० व्होल्ट असतो. पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर वाटेतला एकूण अडथळा लाख-दोन लाख ओहम असू शकतो आणि शरीरातून एखादा मिलिअँपिअर जातो. हीच ती झिणझिणी. आता त्याच कूलरला अनवाणी, ओल्या हातांनी, नुकत्याच सडा घातलेल्या अंगणात उभे राहून हात लावला, तर अडथळा हजार ओहमपर्यंत उतरतो. मग तोच पत्रा २०० मिलिअँपिअरच्या पुढे वीज देऊ शकतो. कूलरमधला दोष तोच असतो, बदलतात फक्त पाय आणि जमीन. सकाळी चप्पल घातलेल्या वडिलांना जो कूलर झिणझिणतो, तोच संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या अनवाणी मुलाचा जीव घेऊ शकतो. कूलर खिडकीच्या लोखंडी गजांना टेकलेला असेल तर गजही त्याच्याइतकेच धोक्याचे होतात. गजांना कपडे वाळवायची तार बांधलेली असेल तर तीसुद्धा.

वीज पत्र्यात उतरते कशी? बहुतेक वेळा चार वाटांपैकी एका वाटेने. पंपाच्या वायरला टाकीच्या आत जोड दिलेला असतो आणि त्यावरची चिकटपट्टी पाण्यात सुटते. आठ महिने पडून राहिलेल्या मोटरच्या तारांत पावसाळ्याची ओल मुरलेली असते. अडगळीत उंदराने वायर कुरतडलेली असते. किंवा वायर पत्र्याच्या धारदार छिद्रातून जाते आणि पंख्याच्या कंपनाने रोज थोडी थोडी कापली जाते. ओल मुरलेल्या मोटरमधून सुरुवातीला गळती थोडी असते, म्हणून लोक तिला सरावतात. ती तिथेच थांबत नाही.

बटण बंद केल्याने भागत नाही ते यासाठी. साधे बटण दोन तारांपैकी एकच तोडते. घराच्या वायरिंगमध्ये ते चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असेल, तर पंखा थांबतो, पण फेज कूलरमध्ये तशीच उभी असते. तसे बसवलेले आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. प्लग बाहेर काढला की हा प्रश्नच उरत नाही.

अर्थिंग आणि मे महिना

पत्र्यात उतरलेल्या विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी, म्हणून अर्थिंगची तार असते. थ्री-पिन प्लगची मोठी पिन त्यासाठीच. ती सॉकेटमध्ये जात नाही म्हणून तोडून टाकलेले किंवा दोन तारा नुसत्याच भोकांत खोचून काडीने दाबलेले कूलर कमी नाहीत. काही कूलरमध्ये प्लगला पिन असते, पण आत हिरवी तार पत्र्याला जोडलेलीच नसते. जुन्या घरांत तर सॉकेटच्या मागे अर्थिंगची तारच आलेली नसते.

अर्थिंग असूनही नागपूरच्या उन्हाळ्यात एक गोम राहतेच, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. अर्थिंग शेवटी जमिनीतल्या ओलीवर चालते. नागपूर परिसरातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुकते, तिला सोडते आणि विजेची वाट अडते. पावसाळ्यात अर्थिंगचा अडथळा १० ओहम असेल तर पत्र्यात उतरलेली वीज २३ अँपिअरच्या प्रवाहाने जमिनीत जाते आणि ६ अँपिअरचा एमसीबी थोड्याच वेळात खाली पडतो. मे महिन्यात तो अडथळा १०० ओहम झाला तर प्रवाह उरतो सव्वादोन अँपिअर. सहा अँपिअरच्या एमसीबीला ते नेहमीच्या वापरासारखेच वाटते. तो पडत नाही आणि पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब राहतो. म्हणजे कूलर जेव्हा सर्वाधिक चालतो, नेमक्या त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमजोर असते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीने पाणी घालण्याची जुन्या वायरमनची सूचना या कारणाने शहाणपणाची आहे. नवीन घरांत तो खड्डा फरशीखाली गेला की पाणी घालायला जागाच राहत नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. एमसीबी वायरिंग वाचवतो. त्याला दिसतात सहा, दहा, सोळा अँपिअर. माणूस मरायला त्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वीज पुरते. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला बाजारात अजूनही अनेक जण ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने पूर्ण परत आली का, एवढेच तो सतत मोजत असतो. हिशेबात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज कुठून तरी जमिनीत चालली आहे, की तो सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. गळती मोठी असेल तर ०.०४ सेकंदात. त्याला अर्थिंग उत्तम असण्याचीही गरज नसते, सुकलेल्या मातीतून जाणारी थोडीशी गळतीही तो पकडतो. खरेदी करताना त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले आहे ना, हे पाहावे. १०० किंवा ३०० चे उपकरण आगीपासून वाचवायला असते, माणसाला नव्हे. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही पुरवठा तुटला नाही तर ते बदलावे.

त्याचीही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबात तूटच येत नाही.

आरसीसीबी वारंवार पडू लागला की घरात चिडचिड होते, आणि मग कोणीतरी तो ‘काढून थेट’ करून देतो. घरगुती दुरुस्त्यांतली सर्वांत वाईट दुरुस्ती हीच. पडणारा आरसीसीबी बिघडलेला नसतो, तो बिघाड दाखवत असतो. सगळ्या उपकरणांचे प्लग काढावेत, तो वर करावा आणि एकेक प्लग लावत जावे. कूलर लावल्यावर पडला तर कूलरला हात न लावता, कोरड्या जागी उभे राहून, भिंतीवरच्या बोर्डावरून पंखा आणि पंप वेगवेगळे सुरू करता येत असतील तर करून पाहावेत. पंपाच्या बटणाने पडला तर पंप किंवा त्याची वायर, पंख्याच्या बटणाने पडला तर मोटर. एवढी माहिती मिस्त्रीला दिली की त्याचे निम्मे काम होते. आरसीसीबी नसलेल्या घरात मात्र असले प्रयोग करू नयेत. प्लग काढावा आणि माणूस बोलवावा. टेस्टरचा दिवा पत्र्यावर पेटला तर कूलर बंद, यात शंका नाही. पण दिवा पेटला नाही म्हणून कूलर निर्धोक ठरत नाही. मुरलेल्या ओलीची खरी तपासणी मिस्त्रीच्या मेगरवरच होते. हंगामाच्या सुरुवातीला मोटर आणि पंप एक दिवस कडक उन्हात वाळवून मग हे मोजून घेतले, तर पहिल्याच दिवशीचा धोका टळतो.

इतके करूनही कोणी चिकटलाच, तर त्याला ओढायला धावू नये. एकाच कूलरने घरातले दोघे गेल्याच्या घटना याच चुकीतून घडतात. आधी मेन स्विच बंद करावा. तो लांब असेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून हात सोडवावा. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहावे. वाळूत पुरणे, चपला हुंगवणे यात घालवलेली मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. धक्का बसूनही माणूस ठीक वाटला, तरी छातीत धडधड, चक्कर किंवा भाजल्याची खूण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडून ईसीजी काढून घ्यावा.

पावसाळ्यातला कूलर

जून संपता संपता कूलर बंद होतो, पण खिडकीतून लगेच हलत नाही. टाकीच्या तळाशी दोन-तीन इंच पाणी राहते आणि विजेच्या धोक्याची जागा डेंग्यू घेतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच साचलेले, स्वच्छ, सावलीतले पाणी हवे असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची. महापालिकेची पथके पावसाळ्यात घरोघरी फिरताना आधी कूलरच उघडून पाहतात, ते उगाच नाही.

नुसते पाणी ओतून देऊन मात्र काम होत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओल्या भिंतीवर चिकटवते. ती काळी, रवाळ ठिपक्यांसारखी दिसतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. ऑक्टोबरमध्ये वरवर पुसून माळ्यावर टाकलेला कूलर मार्चमध्ये खाली येतो, त्यात पाणी पडते आणि गेल्या वर्षीची अंडी फुटतात. म्हणून कूलर ठेवून देण्यापूर्वी टाकीची आतली बाजू, विशेषतः पाण्याच्या रेषेवरचा पट्टा, काथ्याने आणि साबणाने खरवडून घासावा. ताट्या काढून टाकाव्यात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी पॅड असतील तर धुऊन उन्हात कडक वाळवावेत. पंप काढून घरात कोरड्या जागी ठेवावा आणि वायर गुंडाळून उंदरांच्या वाटेपासून दूर, वर टांगावी.